चाखणीआधीचा घास

पाचव्या दिवशी भोपळाही परत आला.

परत आला तोही अगदी रीतसर. भुकटीनं चमचा तोंडात घेतला, सुर्रकन हवा ओढली, उकडून मऊ केलेला भोपळा या गालातून त्या गालात फिरवला, क्षणभर विचारात पडल्यासारखी छताकडे पाहत राहिली आणि मग मान डावीकडे कलवून सगळाच्या सगळा लाळेऱ्यावर सोडून दिला. वर डावी मूठ ओठांच्या कोपऱ्यावरून फिरवली. रडारड नाही, तोंड वाकडं करणं नाही. लगेच पुढच्या चमच्यासाठी तिनं 'आ' केलासुद्धा.

ताईनं चमचा वाटीत ठेवला. सोमवारी ओटची पेज, मंगळवारी कुस्करलेलं केळं, बुधवारी वाफवलेलं सफरचंद, काल उकडलेल्या अंड्याचा बलक दुधात कालवून आणि आज हा भोपळा. पाच नाश्ते झाले आणि आठ महिन्यांच्या भाचीच्या पोटात त्यातलं कणभरही गेलं नव्हतं. दूध तेवढं ती बाटलीच्या बाटली रिचवत होती, पण नुसत्या दुधावर आता भागत नव्हतं. दोन महिने वजनाचा काटा जागचा हलला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, शनिवारपर्यंत घास गिळायला लागली तर ठीक, नाहीतर दाखल करून घेऊ आणि घशात नळी घालून काय अडतंय ते बघू. शनिवार उद्यावर आला होता.

आणि गेल्या रविवारी ताईनंच भावजयीला सगळ्यांदेखत शब्द दिला होता. "तू निर्धास्त दुकानात जा. आठवड्यात मी हिला खायला लावते. चारशे मळ्यांच्या चहाच्या पत्त्या डोळे मिटून ओळखते मी, मला एका पोरीची आवडनिवड कळणार नाही होय?" ताईचं बोलणं नेहमी याच पट्टीत असे आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरे, त्यामुळे कुणी अडवायला जात नसे.

"तिला पसंत नाही," लांबलचक टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून तिचे वडील, आबा म्हणाले. किटलीखालची आच कमी करता करता त्यांनी हे मोठ्या समाधानानं सांगितलं. "भोपळा जून असणार. पोरीनं बरोबर पकडलं."

"मग कालचं अंडंही जून होतं का आबा?"

"अंड्याला फ्रीजचा वास होता. मी कालच म्हटलं तुला."

या घरात चव आणि वास यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. वर राहती जागा, मागं गोदाम आणि खाली तळमजल्यावर हे चाखणीचं दालन. चार पिढ्या इथे रोज सकाळी पांढऱ्या कपांची रांग लागत आली होती. एकेका कपात एकेका मळ्याचा चहा. चमचाभर उचलायचा, सगळ्या जिभेवर उडेल असा भुरका मारायचा, तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या उंच पितळी भांड्यात थुंकून टाकायचा. मग पत्ती कशी आहे ते सांगायचं. गेली बावीस वर्षं ते ताई सांगत होती आणि बाजारात तिच्या शब्दावर दुसरं मत निघत नव्हतं. व्यापारी तिला नुसतं 'बाई' म्हणत, आणि कुठली बाई हे कुणाला विचारावं लागत नसे.

दोन महिन्यांपूर्वी भावजय पुन्हा कामावर जाऊ लागली. चष्म्याच्या मोठ्या दुकानात डोळे तपासायचं तिचं काम. साडेसातला ती घराबाहेर पडे, आणि तेव्हापासून भुकटीची उंच खुर्ची या टेबलाच्या टोकाला, ताईच्या अगदी समोर आली होती. भुकटी हे नाव आबांचं. जन्मली तेव्हा पोर इतकी बारीक होती, की दवाखान्यात हातावर घेऊन ते म्हणाले होते, "ही पत्ती नव्हे, भुकटी." पण सगळ्यात कडक रंग भुकटीलाच येतो, हेही त्यांनी पाठोपाठ जोडलं होतं.

आता याच भुकटीच्या तोंडात घराण्याची पाचवी जीभ आली आहे, अशी आबांची खात्री पटली होती. खरं सांगायचं तर सोमवारी ताईलाही आतून गुदगुल्या झाल्या होत्या. पेज परत आली तेव्हा तिनं पेज चाखून पाहिली, चिकट झाली होती. केळं परत आलं, ते जरा उतरलेलं होतं. सफरचंद आंबूस होतं. रोज पोरीनं नाकारलं आणि रोज ताईला त्यात काहीतरी खोट सापडली. सापडणारच, ती जीभच खोट शोधायला घडवलेली होती. नमुना नापास झाला की दुसरा नमुना मांडायचा, एवढं तिला नीट येत होतं.

"भावजी, पोर उपाशी मरायला टेकली आणि तुम्ही तिला पसंती कसली विचारताय?" उंबऱ्यापलीकडून काकूंचा आवाज आला. काकू आबांच्या थोरल्या भावाच्या बायको. त्यांच्या केसांच्या तेलाचा आणि हाताच्या लसणाचा वास नमुन्यांना लागतो म्हणून तीस वर्षं त्यांना या दालनात मज्जाव होता, आणि तीस वर्षं त्यांनी जे काही सुनावायचं ते उंबऱ्यावरूनच सुनावलं होतं. "रताळं उकडून देते. गोड असतं. नाकारायची नाही."

"वहिनी, तुम्ही केलेलं काहीही लसणाचंच लागतं."

"बरोबर आहे. या घरात खाल्लेलं अन्न ओळखू येणारी मी एकटीच. तुम्ही सगळे थुंकणारे."

गोदामाच्या दारातून धाकटा, ताईचा भाऊ, खोका घेऊन आला आणि काकूंच्या बाजूनं उभा राहिला, म्हणजे अक्षरशः त्यांच्या शेजारी, उंबऱ्याबाहेर. अठराव्या वर्षी त्यानं दमट पत्तीला उत्तम म्हटलं होतं, तेव्हापासून त्याची रवानगी मागं गोदामात झाली. ती गोष्ट घरात कुणी पुन्हा काढत नसे, पण चाखणीच्या टेबलापासून चार हात लांब राहायची सवय त्याला लागली ती लागलीच.

"ताई, उद्या तिच्या घशात नळी घालणार आहेत," तो म्हणाला. "पत्ती नाहीये ती. माझी पोर आहे."

"मग मी काय करतेय पाच दिवस? खेळतेय?"

"तू तिला पास-नापास करतेयस."

"नापास ती करतेय. मला."

हे ताईच्या तोंडून निघालं आणि तिचं तिलाच बोचलं. बावीस वर्षांत तिच्यासमोर मांडलेल्या गोष्टीनं तिला असं रोजच्या रोज परत पाठवलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती आवाज चढवते हे धाकट्याला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून त्यानं हातातला खोका खाली ठेवला.

भावजयही घरीच होती. उद्याच्या काळजीनं आज तिनं दुकानात उशिरा येते म्हणून कळवलं होतं आणि पहिल्यांदाच सकाळच्या वेळी ती या दालनात बसली होती, भिंतीकडच्या स्टुलावर, हात मांडीत घेऊन. तिची नजर वाटीवर नव्हती, ताईवर नव्हती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची तिची सवय, ती पोरीच्या डोळ्यांत बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "अजून एकदा भरवता? आणि तुम्ही काही बोलू नका."

ताईनं चमचा भरला. भुकटीनं घेतला, हवा ओढली, घोळवलं, कलली, सोडून दिलं, मूठ फिरवली.

"ती चमच्याकडे बघतच नाही," भावजय सावकाश म्हणाली. "दुकानात लहान मुलांना मी रंगीत काडी दाखवते, तेव्हा त्यांची नजर काडीवर खिळते. ही चमचा आला तरी त्याच्याकडे बघत नाही. ही तुमच्या तोंडाकडे बघते."

"माझ्या?"

"एकदा चहा चाखून दाखवा. नेहमी चाखता तसा."

नऊ वाजता मोठा खरेदीदार येणार होता. हंगामातला पहिला मोठा लॉट, चाळीस नमुने मांडून तयार होते. ताईनं पहिला कप ओढला, चमचा भरला आणि भुरका मारला. तोंडात घोळवला. छताकडे पाहिलं. डावीकडे कलून भांड्यात थुंकली. उजव्या हातात चमचा होता म्हणून, नेहमीसारखंच, डाव्या हाताच्या करंगळीनं ओठांचा कोपरा पुसला.

मग ती जागच्या जागी थांबली.

खुर्चीत भुकटी आनंदानं पाय हलवत होती. काहीही तोंडात नसताना तिनं हवा ओढली, गाल फुगवले, डावीकडे कलली आणि डावी मूठ ओठांवरून फिरवली.

किटलीतलं पाणी उकळत होतं.

"आबा उजवीकडे थुंकतात," धाकटा हळूच म्हणाला. "त्यांचं भांडं उजवीकडे असतं."

हे कुणी सांगायची गरज नव्हती. ताईच्या डोक्यात पोरीचा सगळा दिवस उलगडत गेला. सकाळी साडेसातपासून चाखणी, रोज चाळीस कप, चाळीस वेळा भुरका आणि चाळीस वेळा थू. अकराला चाखणी संपते तेव्हा पोर झोपलेली. घरातले जेवतात, पोर झोपलेली. ती उठते तोवर भांडी घासून पालथी पडलेली असतात. संध्याकाळी तिला दूध पाजून निजवलं, की मग मोठ्यांची पानं वाढली जातात. काकू पहाटे सहाला ओट्यापाशी उभ्यानंच खातात. धाकटा डबा गोदामात खातो आणि त्याची बायको दुकानात. खुर्चीत बसायला लागल्यापासून या पोरीनं एकाही माणसाला एकही घास गिळताना पाहिलेलं नव्हतं. चमच्यातलं तोंडात घ्यायचं आणि थुंकून टाकायचं, माणसं असंच करतात, हे ती शिकली होती. आणि चांगली शिकली होती.

ताईला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या आणि दोन्हींची तिला लाज वाटली. एक म्हणजे आपणच हिला उपाशी ठेवलं. दुसरी अशी, की चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कुणीतरी आपल्यावर गेलं.

"वहिनी, केळं आणा," ती म्हणाली आणि आबांचा शब्द आपल्या तोंडी आला हे तिला कळलं. "काकू, काकू. केळं द्या एक, पिकलेलं."

"कशाला?" आबांनी विचारलं.

"मी खाणार आहे. तिच्यासमोर."

आबांनी हातातली किटली खाली ठेवली. दाराच्या वर भिंतीवर त्यांच्या आजोबांनी रंगवून घेतलेली ओळ होती. चाखणी होईपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. दर दोन वर्षांनी त्या अक्षरांवर नवा रंग चढे. आबा त्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नऊला माणूस येतोय."

"माहीत आहे."

"केळ्याचा थर दोन तास जिभेवरून उतरत नाही. त्याच्यापुढे काय चाखणार आहेस? डोळे बांधून बस त्यापेक्षा. ताई, या टेबलावर मी तापानं फणफणत चाखलंय. तुझी आई गेली त्या आठवड्यातही उपाशी पोटानंच इथं बसलोय. नियम मोडायचा तर संध्याकाळी मोड. पोर संध्याकाळीही खाईल."

"उद्या नळी आहे आबा."

"संध्याकाळ आजच आहे."

"संध्याकाळी ती पेंगुळलेली असते. तिची शिकायची वेळ सकाळची. इतके दिवस तिनं सकाळीच शिकून घेतलंय, मी शिकवतेय याचा मला पत्ताही नव्हता." ताईचा आवाज पुन्हा तिच्या नेहमीच्या पट्टीत आला होता. "माझं चुकलंय, मीच निस्तरणार. आणि खरेदीदाराचं म्हणाल तर बावीस वर्षांत मी त्याला एकदाही ताटकळत ठेवलेलं नाही. एक दिवस थांबेल. नाही थांबला तर जाईल, आणि पुढच्या आठवड्यात परत येईल. दुसरीकडे कुठे जीभ आहे बाजारात?"

धाकट्याला हसू आवरेना. काकूंनी केळं उंबऱ्यावरून पुढं केलं. भावजयीनं उठून ते घेतलं, सोललं, वाटीत कुस्करलं आणि ताईसमोर ठेवलं. दोघींची नजर एकदाच भेटली. गेल्या वर्षी पोरीनं कुठल्या खोलीत निजायचं यावरून त्या दोघी महिनाभर एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या, पण आज त्याची आठवण कुणाला नव्हती.

"बघ हं भुकटे," ताई म्हणाली. तिनं चमचा भरला. तोंडात घेतला. सुर्रकन हवा ओढली, घोळवलं, डावीकडे कलली आणि भांड्यात थुंकून टाकलं.

ती करंगळी ओठांपर्यंत नेत असताना तिला समोरचे सगळे चेहरे दिसले.

"ताई," धाकटा म्हणाला.

"कळलं मला."

"नाही, तू थुंकलीस."

"कळलं म्हणते ना."

भुकटी खूश होती. तिनं आपल्या वाट्याचा चमचा घेतला आणि तोही त्याच वाटेनं गेला. ताईनं दुसरा चमचा भरला. आता तिनं हवा ओढली नाही, ओठ घट्ट मिटले. पण केळं जिभेवर पसरलं आणि जीभ आपोआप ते या गालातून त्या गालात नेऊ लागली, गोडी किती, उतरलंय का, देठाकडचा तुरटपणा राहिलाय का. मान कलायला लागली. तिनं भांड्याची कडा हातानं धरली. चहाचा चमचा तोंडात गेला की पुढचं सगळं हात, मान आणि जीभ आपापसांत उरकून टाकत, ताईला कुणी विचारत नसे, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. या टेबलापाशी बसून तिनं जन्मात काही गिळलं नव्हतं.

डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं अडवलं नाही. घास तोंडात तसाच होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आबा टेबलाच्या त्या टोकाकडून उठले होते. चाळीस कपांच्या शेजारून ते सावकाश चालत आले, ताईच्या डावीकडचं पितळी भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि काकूंच्या हातात दिलं. "बाहेर न्या," ते म्हणाले. "माझंही न्या. आणि वहिनी, आत या."

काकू भांडं घेऊन उंबऱ्यावर उभ्याच राहिल्या. "आत? माझं तेल..."

"असू दे तेल. आज कोण चाखतंय इथं? आम्हाला शिकवायला कुणीतरी खाणारं हवं ना."

तीस वर्षांनी काकूंनी तो उंबरा ओलांडला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पदराला हात पुसले, आणि मग क्षणात दालन त्यांचंच झालं. "बसा सगळे पोरीसमोर. वाट्या घ्या. धाकट्या, तूही. लांब काय उभा राहतोस, तुझीच पोर आहे. सूनबाई, तूही बस. आणि ताई, तोंडातलं आधी खाली घाल. थुंकायला भांडं राहिलं नाही आता, जमिनीवर थुंकलीस तर पुसायला तुलाच लावीन."

ताईनं गिळलं.

केळं घशाखाली उतरताना त्याची चव वेगळी लागते, खालून वर परत येते, हे तिच्या लक्षात आलं आणि इतक्या साध्या गोष्टीचं तिला नवल वाटलं. तिनं भुकटीसमोर तोंड उघडून दाखवलं. "बघ. गेलं."

"आता भावजी."

आबांनी चमचा हातात घेतला. नियमाच्या ओळीकडे त्यांनी आता पाहिलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं सकाळी पावणेनऊला कुस्करलेलं केळं तोंडात घातलं, घाईघाईनं गिळलं आणि काकूंनी "आ करा" म्हणताच मुकाट्यानं 'आ' केला. काकूंनी वाकून आत पाहिलं आणि सगळ्यांना दिसेल अशी मान डोलावली. मग धाकट्यानं खाल्लं, भावजयीनं खाल्लं, काकूंनी तर दोनदा. प्रत्येक जण खाई, गिळी आणि रिकामं तोंड उघडून भुकटीला दाखवी. पाय हलवणं थांबवून ती एकेका तोंडाकडे पाहत होती, या तोंडात गेलं आणि बाहेर आलं नाही, त्या तोंडात गेलं आणि बाहेर आलं नाही. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली होती.

तिनं पहिला चमचा थुंकला. दुसरा घोळवत राहिली, डावीकडे कलली, आणि भांडं नेहमीच्या जागी नाही हे पाहून अर्ध्यातच थांबली. तिनं ताईकडे पाहिलं. ताईनं आपला घास घेतला आणि गिळला, जरा जास्तच दिसेल असा, बदकासारखी मान वर करून.

भुकटीनंही मान वर केली. तिचा इवलासा गळा खालून वर हलला.

मग तिनं तोंड उघडलं. आत चार दात, गुलाबी जीभ आणि दुसरं काही नव्हतं.

भावजय रडायला लागली आणि रडता रडताच तिनं चमचा पुन्हा भरला. धाकटा भिंतीला टेकला. काकू म्हणाल्या, "रताळं तरीही उकडतेच, दुपारला लागेल." दुसरा घास गेला. तिसरा गेला. चौथा थोडा बाहेर आला, पण तो हसताना आला, म्हणून कुणी धरला नाही.

दारात खरेदीदार येऊन उभा होता. चाळीस कप गार पडले होते, पितळी भांडी गायब होती, लसणाचा वास येत होता आणि बाजारातली सगळ्यात नावाजलेली जीभ केळं खात होती. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "बाई, चाखणी?"

उत्तर आबांनी दिलं. "अकराला या. घरात नाश्ता चाललाय." थोडं थांबून त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "नाहीतर बसाच. वाट्या आहेत."

तो बसला.

तोवर भुकटीनं पाचवा घास गिळला होता, आणि तो खाली गेल्याची खात्री पटल्यावर तिनं डावी मूठ उचलून ओठांचा कोपरा सावकाश पुसला. छताकडे बघत, अगदी रीतसर.

ताईचा चेहरा पडला. "हेही मोडायला हवं ना?" तिनं भावजयीला विचारलं. "हे पण माझंच आहे."

भावजयीनं पोरीच्या गालावरचं केळं पुसलं. मूठ मात्र तिनं धरली नाही. "ते राहू दे, ताई," ती म्हणाली. "आत्यावर गेलीय हे लोकांना कळायला नको?"

ताईनं पुढचा चमचा भरला आणि आधी स्वतः खाल्ला.